बाल्कन्यांमधली पार्टिशनं

प्रेमा धुरी सहलीला निघाली की माणसं मोजायची ती त्यांच्या पायांवरून. चेहरे फसवतात, असं तिचं म्हणणं. माणूस टोपी घालतो, गॉगल चढवतो, शेजारणीशी जागा बदलतो. पण सकाळी पायात सरकवलेली चप्पल संध्याकाळपर्यंत तीच असते. बस सुटायच्या आधी ती दारापासून शेवटच्या सीटपर्यंत मान खाली घालून चालत जायची, परत येताना पुन्हा मोजायची आणि दोन्ही आकडे जुळले की मगच ड्रायव्हरला हात करायची.

ही सवय तिला अकरा वर्षांपूर्वी लागली. तेव्हा ती दहिसरच्या आपल्या सोसायटीतल्या बायकांच्या सहली नुकत्याच नेऊ लागली होती. महाबळेश्वरहून परतताना वाईच्या अलीकडे चहाला बस थांबली आणि निघताना एक बाई मागेच राहिल्या. लक्षात यायला चाळीस मिनिटं गेली. बस उलटी फिरवून पोचले, तर त्या हॉटेलच्या पायरीवर पर्स पोटाशी धरून रस्त्याकडे बघत उभ्या होत्या. रागावल्या नाहीत की रडल्या नाहीत. "मला वाटलं, येताय की नाही," एवढंच म्हणाल्या. ते वाक्य प्रेमाच्या छातीत जे जाऊन बसलं ते कधी निघालंच नाही.

प्रेमाचं माहेर मालवणाकडचं, वडील गिरणीत. गिरणी बंद पडली तसं बिऱ्हाड दहिसरच्या चाळीत आलं. तिने बोरिवलीच्या एका कारखान्यात पावडरचे डबे भरण्याचं काम बावीस वर्षं केलं आणि तोही कारखाना बंद पडल्यावर सहलींचा धंदा सुरू केला. अष्टविनायक, गणपतीपुळे, हंपी. माणसं तिच्याबरोबर पुन्हा पुन्हा यायची, कारण ती जेवणाची व्यवस्था चोख ठेवायची आणि कुणाची गोळी राहिली, कुणाचा गुडघा दुखला, सगळं तिच्या ध्यानात असायचं. त्यांना मजा वाटायची. तिला मात्र एकाही सहलीत मजा वाटली नव्हती. घरी परतून शेवटचा माणूस आपापल्या रिक्षात बसला की ती सोफ्यावर आडवी व्हायची, आणि नवरा दशरथ विचारायचा, "किती नेलंस, किती आणलंस?" ती आकडा सांगायची. मग तो चहा टाकायला उठायचा.

जहाजाची सहल तिच्या डोक्यात घातली हर्षदभाईने. घाटकोपरला त्याचं ट्रॅव्हल एजन्सीचं दुकान होतं. हॉटेलांची बुकिंगं ती त्याच्याकडूनच करायची. "प्रेमाबेन, किती वर्षं बसच्या मागे धावणार?" तो म्हणाला. "फेब्रुवारीत मुंबई ते गोवा आणि परत, तीन रात्री. जहाजावरून कोण कुठे जाणार सांगा. तुमचं टेन्शनच खतम."

ते शेवटचं वाक्य प्रेमाला पटलं. जहाजावरून कोणी हॉटेलच्या पायरीवर राहून जाणार नव्हतं. तिने अठरा माणसं जमवली.

त्यांतली पाच एकाच घरातली होती. बोरिवलीची क्षमा आधी चार सहलींना येऊन गेली होती. या वेळी ती आणि तिचा नवरा, शिवाय पार्ल्याचा तिचा थोरला भाऊ श्यामसुंदर ताम्हणे आणि वहिनी जयंती. त्यांचा मुलगा श्रेयस मुलुंडला राहायचा. तो एकटाच येणार होता, कारण त्याच्या बायकोला, शर्मिष्ठाला, ऑफिसातून रजा मिळाली नव्हती. तीन केबिन, तिन्हींना बाल्कनी. चौथी, त्यांच्या शेजारची, प्रेमाने स्वतःला ठेवली.

डिसेंबरात एका सकाळी जयंतीबाई पार्ल्याहून एकट्या दहिसरला आल्या. सत्तरीच्या, बारीक अंगाच्या, केसांची घट्ट वेणी घातलेल्या. पाणीही न पिता त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. जहाजाच्या बाल्कन्यांचं चित्र कोणाकडून तरी छापून आणलं होतं.

"प्रेमाताई, दोन बाल्कन्यांच्या मध्ये हे पार्टिशन असतं. ते उघडतं म्हणे. आपल्या तिन्ही बाल्कन्या मिळून एक करता येतील का?"

"विचारून सांगते. गप्पा मारायला छान होईल."

"विचारून नको," जयंतीबाई म्हणाल्या. "नक्की सांगा. ते उघडणार नसेल तर आम्ही येत नाही."

प्रेमाला नवल वाटलं. इतकी शांत बाई एका पत्र्याच्या फळीसाठी अडून का बसली आहे ते तिला कळेना. पण गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही हे तिला ठाऊक होतं, आणि एका घरची पाच माणसं गळली तर ग्रुपच विस्कटला असता. ती म्हणाली, "नक्की. माझा शब्द."

शब्द देताना तिला सोपं वाटलं, त्याची धग नंतर लागली. हर्षदभाईने जहाज कंपनीला विचारलं. उत्तर आलं की विनंती नोंदवली आहे, निर्णय जहाजावर होईल. सगळी पार्टिशनं उघडत नाहीत. काही ठिकाणी आगीच्या बंदोबस्तासाठी मध्ये पक्की भिंत असते. वारा जास्त असेल तर उघडणारीही बंद ठेवतात.

"म्हणजे हो की नाही?" प्रेमाने विचारलं.

"म्हणजे बघू," हर्षदभाई म्हणाला. "प्रेमाबेन, एवढं काय त्यात? फळीच आहे ना."

मग जानेवारीत तिची मुलगी अक्षता माहेरी आली. आईने दिलेले केबिनचे नंबर तिने मोबाइलवरच्या नकाशाशी ताडून बघितले आणि पुन्हा एकदा ताडले.

"काय झालं गं?"

"आई, तू ८११५, १६, १७, १८ घेतलेस."

"मग? ओळीने आहेत."

"ओळीने नाहीत. सम आकडे एका बाजूला आणि विषम दुसऱ्या बाजूला. दोन खोल्या अलीकडच्या समुद्राला, दोन पलीकडच्या. मध्ये आख्खं जहाज."

चाळीत तेवीस नंबरला लागून चोवीस नंबर असतो. जहाजावर तसं नसेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं. चुकीचं खापर फोडायलाही कोणी नव्हतं, नंबर तिने स्वतः निवडले होते. त्या दिवशी ती जेवली नाही. दशरथ म्हणाला, "अगो, जेव आधी. जहाज खंय पळान जाता?"

पुढचे नऊ दिवस ती घाटकोपरला फोन करत राहिली. एकदा हर्षदभाईने उचलला नाही तेव्हा सरळ दुकानात जाऊन बसली. अखेर चार सम नंबर सलग मिळाले: ८११४, १६, १८, २०. त्यांच्यातली पार्टिशनं उघडणारी आहेत की पक्की, हे मात्र तेव्हाही कोणी छातीठोक सांगेना. सहलीच्या आदल्या आठवड्यात तिला रोज एकच स्वप्न पडायचं: जयंतीबाई बंदरावर, पर्स पोटाशी धरून, उभ्या आहेत.

निघायच्या दिवशी बंदरावर सगळं सुरळीत झालं. अठरा माणसं, छत्तीस पाय, सगळे चढले. श्यामसुंदर ताम्हणे प्रेमाला तिथेच पहिल्यांदा भेटले. उंच, इस्त्रीचा शर्ट, पायात तपकिरी सँडल. पूल बांधणाऱ्या कंपनीत ड्राफ्ट्समन म्हणून आयुष्य काढलेलं. त्यांनी प्रेमाला हसून नमस्कार केला. "कुठल्या तुम्ही?"

"दहिसरच्या."

"वा. नदी आहे तिथे," ते म्हणाले. जयंतीबाईंनी त्यांचा हात कोपरापाशी धरला होता, आणि तो त्या सोडत नव्हत्या.

आठव्या मजल्यावर गेल्या गेल्या प्रेमा आधी बाल्कनीत गेली. पांढरं पत्र्याचं पार्टिशन डोक्याच्याही वर होतं. तिने ढकललं, ते हललं नाही. केबिनची झाडलोट बघणारा माणूस चादरी घेऊन आला तेव्हा तिने त्याला जवळजवळ दारातच अडवलं. चाळिशीचा, शांत चेहऱ्याचा, छातीवर धम्मपाल नावाची पट्टी.

"मराठी?" तिने विचारलं.

"भंडाऱ्याचा, ताई."

"हे उघडतं का?"

त्याने पार्टिशनच्या कडेवरून हात फिरवला, खाली वाकून बघितलं. "हे उघडतं. चावी वेगळी असते, आमच्याकडे. पण जहाज सुटल्यावर, वरून परवानगी आली की."

"तिन्ही?"

त्याने चारही केबिनमध्ये जाऊन पाहिलं. त्या वेळात प्रेमा पलंगाच्या कडेला, न टेकता, बसून राहिली. तो परत आला. "तिन्ही उघडतात."

संध्याकाळी जहाज बंदराबाहेर पडलं, वारा बेताचाच होता, परवानगी आली. धम्मपालने चौकोनी तोंडाच्या चावीने एकेक पार्टिशन सोडवलं, भिंतीकडे दुमडलं आणि कडी लावली. चार बाल्कन्यांची एक लांब गॅलरी झाली. एका टोकाला क्षमा आणि तिचा नवरा, मग जयंतीबाई-श्यामसुंदर, मग श्रेयस, दुसऱ्या टोकाला प्रेमा. जयंतीबाई बाहेर आल्या. त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं, आणि खुर्चीत बसून डोळे मिटले. प्रेमाला त्या महिन्यातला पहिला मोकळा श्वास मिळाला.

तो फार टिकला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती जयंतीबाईंना नाश्त्याला बोलवायला गेली तर केबिनच्या दाराला, आतल्या मुठीला, नाडीने पितळेची छोटी घंटी बांधलेली. दार उघडताच ती वाजली. श्यामसुंदर पलंगावर बसून होते. त्यांनी प्रेमाला हसून नमस्कार केला.

"कुठल्या तुम्ही?"

प्रेमाने जयंतीबाईंकडे पाहिलं. मग म्हणाली, "दहिसरच्या."

"वा. नदी आहे तिथे."

प्रेमाने जयंतीबाईंना बाल्कनीत नेलं, दार लोटून घेतलं. "किती दिवस आहे हे?"

"चार वर्षं."

"मी फॉर्मवर आजाराचा रकाना ठेवला होता. तुम्ही बीपी लिहिलंत."

"बीपी आहे."

"जयंतीताई."

जयंतीबाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या. "खरं लिहिलं असतं तर नेलं असतंत?"

नसतं नेलं, हे दोघींनाही माहीत होतं.

"घरात ते आणि मी," जयंतीबाई सांगू लागल्या. "ते उठले की मी उठते. दार उघडून जिन्यात जातात, एकदा पार हायवेपर्यंत गेले होते. श्रेयसला वाटतं बाबा थोडे विसरतात, या वयात होतंच. तो येतो तासाभरासाठी, तेवढा वेळ हे छान बोलतात. क्षमाला माहीत आहे, पण तिला तिचं घर आहे. मला चार दिवस अशी जागा हवी होती जिथे आमच्या दोघांभोवती माणसं असतील. एका खोलीत कडी लावून मी आणि ते, एवढंच नको होतं. म्हणून ते पार्टिशन."

"आणि हा कठडा?" प्रेमा म्हणाली. "तो दिसला नाही तुम्हाला?"

"दिसला," जयंतीबाई म्हणाल्या. "पण घरी तिसरा मजला आहे, प्रेमाताई. तिथेही कठडाच आहे."

प्रेमा कठड्याकडे बघत राहिली. तिच्या छातीपर्यंत येत होता. उंच माणसाच्या त्याहून खाली. आता धम्मपालला बोलवावं, सगळी पार्टिशनं लावून घ्यावीत आणि ताम्हण्यांना गोव्याला उतरवून गाडीने घरी पाठवावं, असं तिच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. पण समोर उभी असलेली बाई चार वर्षं रात्रंदिवस एका माणसाची मोजदाद करत होती. आपली माणसं तीन-चार दिवसांनी घरी जातात, हिची जातच नाहीत, हा विचार प्रेमाच्या मनात आला आणि तिने जिभेवरचं गिळलं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "उघडी राहू देत. पण त्यांना एकटं सोडायचं नाही. एका टोकाला क्षमाताई, एका टोकाला मी. मधून ते कुठेही गेले तरी आमच्या समोरूनच जातील. श्रेयसला तुम्ही सांगणार की मी?"

"मी सांगते. आज सांगते."

त्यांनी सांगितलं नाही. गोव्याचा दिवस बाजारात आणि चर्चमध्ये गेला, श्यामसुंदर सगळ्यांबरोबर चालले, सगळ्यांशी गोड बोलले, आणि सांगायची वेळ पुढे पुढे ढकलली गेली.

तिसऱ्या दिवशी जहाज दिवसभर समुद्रातच होतं. जेवणं झाल्यावर जयंतीबाई, चार वर्षांत पहिल्यांदा म्हणे, दुपारच्या झोपेला म्हणून श्रेयसच्या केबिनमध्ये जाऊन आडव्या झाल्या. श्रेयस वरच्या मजल्यावर होता. श्यामसुंदर आपल्या बाल्कनीत खुर्चीवर, या टोकाला क्षमा विणकाम घेऊन, त्या टोकाला प्रेमा. समुद्र सपाट होता. साडेतीनला ग्रुपमधल्या एक बाई बोट लागून ओकायला लागल्याचा निरोप आला. प्रेमा उठली. "क्षमाताई, मी खाली डॉक्टरांकडे जाऊन येते. लक्ष ठेवा."

"हो हो, जा."

ती परत आली तेव्हा चारला दहा कमी होते. श्यामसुंदरांची खुर्ची रिकामी होती. खुर्चीखाली तपकिरी सँडल शेजारी शेजारी नीट ठेवलेले. क्षमाचा डोळा लागला होता, विणकाम मांडीवरून घसरलेलं.

प्रेमाने आधी केबिनमध्ये पाहिलं, बाथरूममध्ये पाहिलं. क्षमाच्या केबिनमध्ये तिचा नवरा घोरत होता. श्रेयसच्या केबिनमध्ये जयंतीबाई भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या. आपल्या केबिनमध्ये कोणी नाही. तिने क्षमाला हलवलं.

"दादा कुठे?"

क्षमाने खुर्चीकडे पाहिलं आणि ती ताडकन उठली. "इथेच होते. आत्ता होते."

"घंटी वाजली?"

"नाही वाजली. वाजली असती तर मी जागी झाले असते."

त्यांच्या दाराची घंटी वाजली नव्हती. पण आता बाल्कन्या एक होत्या, म्हणजे चार केबिनची चार दारं होती, आणि घंटी एकाच दाराला. ते कुठूनही बाहेर पडले असतील. किंवा दारातून पडलेच नसतील. प्रेमा कठड्यापाशी गेली. तिने स्वतःला खाली बघायला लावलं. जहाजाच्या अंगाने पांढरा फेस मागे मागे जात होता, त्याच्यापलीकडे नुसतं पाणी. त्यात काही दिसलं नाही आणि काही दिसलं असतं तरी आपल्याला कळलं नसतं, हे तिला कळलं.

आवाजाने जयंतीबाई उठून आल्या. कोणी काही सांगायची गरज पडली नाही. त्यांनी सँडल पाहिले, उचलले आणि छातीशी धरून तिथेच उभ्या राहिल्या.

प्रेमाने फोनवरून धम्मपालला बोलावलं आणि क्षमाला वर श्रेयसकडे पिटाळलं. श्रेयस धावत आला. "बाबा फिरायला गेले असतील ना. एवढं काय?" असं म्हणता म्हणता त्याने आईचं तोंड बघितलं आणि थांबला.

"तुझे बाबा फिरायला जाऊ शकत नाहीत," जयंतीबाई म्हणाल्या. "त्यांना परतीचा रस्ता आठवत नाही. चार वर्षांपूर्वीच मी तुला सांगायला हवं होतं."

श्रेयस कॉरिडॉरमध्ये पळाला आणि मग त्याच्या पावलांचा आवाज जिन्यावर ऐकू आला. धम्मपाल आला. त्याने सगळं ऐकून घेतलं, खिशातल्या यंत्रावरून वर कळवलं, आणि "ताई, एक मिनिट," म्हणून पार्टिशनं तपासू लागला. पहिलं, दुसरं, तिसरं, तिन्ही जागच्या जागी दुमडलेली. मग तो प्रेमाच्या बाल्कनीच्या पलीकडच्या टोकाला गेला. तिथे चौथं पार्टिशन होतं, अनोळखी लोकांच्या केबिनकडचं, ते कधी उघडलंच नव्हतं. त्याने हाताने दाबलं.

ते आत गेलं.

सकाळी बाल्कन्यांवरचं खारं पाणी धुताना पार्टिशनं एका टोकापासून सोडवत नेली होती, आणि हे लावताना कुलूप नीट बसलं नव्हतं. नुसतं लोटलेलं राहिलं होतं. कोणी पलीकडे जाऊन मागे लोटून घेतलं तर या बाजूने ते बंदच दिसायचं.

पलीकडच्या बाल्कनीत एका छोट्या टेबलाभोवती तिघं बसली होती. एक जाडजूड म्हातारे गृहस्थ, फुलाफुलांचा फ्रॉक घातलेली त्यांची बायको, आणि अनवाणी श्यामसुंदर. त्यांच्यासमोर चहाचा कप होता आणि ते कागदी रुमालावर पेनाने काही काढत होते.

"या या," ते गृहस्थ म्हणाले. "हे तुमचे का? आम्हाला म्हणाले, मंडळी मागून येतायत."

ते गोराईचे पास्कल, आयुष्यभर बोटींच्या इंजिनांवर काम केलेले. श्यामसुंदर कठडा कसा जोडलाय ते त्यांना समजावून देत होते, आणि पास्कलना त्यात खरोखरच रस वाटत होता. "अर्धा तास झाला," ते म्हणाले. "फार हुशार माणूस आहे. दोनदा सांगितलं मला तेच, पण दोन्ही वेळा बरोबर सांगितलं."

प्रेमा भिंतीला टेकली. जयंतीबाई आत गेल्या, खाली बसल्या आणि नवऱ्याच्या पायात एकेक सँडल घालू लागल्या. श्यामसुंदर त्यांच्या डोक्याकडे बघत म्हणाले, "चहा घ्या ना. छान आहे."

नंतर जहाजावरचे एक अधिकारी आले. चूक आमचीही आहे, असं ते सरळ म्हणाले. पण आता सगळी पार्टिशनं बंद होतील, त्यात बदल होणार नाही. धम्मपालला ते काही बोलणार होते. प्रेमा मध्ये पडली. "उघडा म्हणून मीच त्यांच्या मागे लागले होते. आणि खुर्ची सोडून मी उठले होते. लिहायचं तर माझं नाव लिहा."

पार्टिशनं लागली. गॅलरीच्या पुन्हा चार बाल्कन्या झाल्या. प्रेमा जयंतीबाईंना आपल्या केबिनमध्ये घेऊन आली आणि पाणी दिलं. जयंतीबाईंनी ग्लास दोन्ही हातांत धरला. मग खाली बघत म्हणाल्या, "मी ते सँडल धरून उभी होते ना, तेव्हा एकदा माझ्या मनात आलं, सुटले मी. एकदाच. पण आलं."

बऱ्याच गोष्टी बोलता आल्या असत्या, तशा बायका बोलतात: असं होतंच, मनाला लावून घेऊ नका. तिला त्यातलं काही खरं वाटलं नाही. ती म्हणाली, "कोणाला सांगणार नाही मी." आणि ग्लास त्यांच्या हातातून काढून घेतला, कारण तो कलंडत होता.

दार वाजलं. श्रेयस होता. डोळे लाल. "आई, आजपासून मी बाबांच्या केबिनमध्ये झोपतो. तू इथे प्रेमाताईंकडे राहा."

"तुला जमणार नाही रे. ते सारखे उठतात."

"मग उठेन मीही," तो म्हणाला. "घंटी राहू दे दाराला."

दुसऱ्या दिवशी जहाज मुंबईला लागलं तरी जयंतीबाई झोपलेल्याच होत्या. साडेआठला प्रेमाने त्यांना उठवलं तेव्हा आपण कुठे आहोत हे त्यांना क्षणभर कळलं नाही. शेजारच्या केबिनमधून श्रेयस बाहेर पडला. त्याचे केस विस्कटलेले, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. वडिलांचा हात त्याने कोपरापाशी धरला होता.

प्रेमा घरी पोचली तेव्हा दशरथने नेहमीचा प्रश्न विचारला. तिने अठरा नेले, अठरा आणले म्हणून सांगितलं आणि चार दिवस घराबाहेर पडली नाही. सहली बंद कराव्यात, असं तिने त्या चार दिवसांत निदान दोनदा ठरवलं. पाचव्या दिवशी तिने फॉर्म बदलला. आजाराच्या रकान्याखाली एक ओळ वाढवली: 'घरी कोणाची काळजी घेता? खरं लिहा, नाव कापणार नाही.' ती ओळ लिहिली खरी, पण पुढे दोघातिघांनी त्या ओळीसमोर खरं लिहिलं तेव्हा तिची झोप पुन्हा उडाली. नाव मात्र तिने एकाचंही कापलं नाही.

पार्ल्याला आता दिवसा एक बाई येते आणि शनिवार-रविवार श्रेयस असतो. तो सुरुवातीला चिडायचा, शर्मिष्ठाशी भांडायचा, एकदा वडिलांवर ओरडून नंतर जिन्यात जाऊन बसला, असं क्षमाने सांगितलं. श्यामसुंदर आणखी उतरले आहेत. पूल आठवतात, मुलाचं नाव कधी आठवतं, कधी नाही.

नोव्हेंबरात प्रेमाने जव्हारची एका दिवसाची बस काढली. यादीत जयंती ताम्हणे हे एकटंच नाव होतं. त्या दिवशी जयंतीबाईंनी सकाळपासून घरी सहा फोन केले. बस थांबली की त्या आधी मोबाइलला रेंज आहे का बघायच्या आणि मग खाली उतरायच्या. राजवाड्याच्या आवारात सगळे फोटो काढत असताना त्या झाडाखाली उभ्या राहून श्रेयसला विचारत होत्या, बाबांनी आमटी खाल्ली का, खिडकीची कडी लावलीस का. प्रेमा थोड्या अंतरावर उभी होती. तिचंही लक्ष फोटोंकडे नव्हतं. एका मुलीचा बूट मागच्या गर्दीत दिसेनासा झाला होता.

फोन संपवून जयंतीबाई तिच्याजवळ आल्या.

"खाल्ली?" प्रेमाने विचारलं.

"अर्धी वाटी." त्यांनी मोबाइल पर्सकडे नेला, मग पुन्हा हातातच ठेवला. "पाच वाजता परत निघायचं ना?"

"पाचला."

"मग साडेचारला एकदा करते," त्या म्हणाल्या, आणि दोघी पायऱ्या चढू लागल्या.